मंगळवार सोडून कधीही

दिल्लीत वाजवून पोट भरणाऱ्याला मंगळवार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मंगळवार हनुमानाचा. त्या संध्याकाळी अर्ध्या शहरात कुठं ना कुठं सुंदरकांड असतं, देवळात भजन असतं, कुणाच्या तरी नव्या फ्लॅटमध्ये माता की चौकी, म्हणजे देवीच्या भजनांची बैठक, बसलेली असते, आणि प्रत्येक ठिकाणी एक ढोलकवाला आणि एक पेटीवाला लागतोच. एरवी फोनकडे डोळे लावून बसणारे वादक मंगळवारी एका संध्याकाळी दोन-दोन ठिकाणं गाठतात.

काकू नेमक्या मंगळवारीच कुणाकडे वाजवायच्या नाहीत.

फोन आला की त्या सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या. कुठं, किती वाजता, माईक आहे का, बसायला गादी आहे की नुसती सतरंजी. सगळं ऐकून झालं की म्हणायच्या, “मंगल छोड़के कोई भी दिन बोलो जी.” पलीकडच्याला वाटायचं, ताईजी भाव खातायत. तो पैसे वाढवायचा. “पैसे अच्छे हैं, दिन ग़लत है,” असं म्हणून काकू फोन ठेवून द्यायच्या.

ज्या दिवशी काम नसेल तो दिवस स्वतःसाठी ठेवावा, कमाईचा दिवस का घालवावा, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेत गृहपाठ विसरल्याची आठवण झाली.

“नैवेद्य कधी दाखवतात? आपण जेवल्यावर की आधी?”

“आधी.”

“मग? कुणी बोलावलं नाही म्हणून रिकामा पडलेला दिवस माझ्या कामाला दिला, तर ते उष्टं झालं. चांगला दिवस आधी बाजूला काढायचा. उरलेले सहा दिल्लीला.”

काकू म्हणजे माझ्या कुणी सख्ख्या काकू नव्हेत. त्या आणि माझी आई एका मंत्रालयात शेजारशेजारच्या टेबलांवर बसायच्या. आई फायली पुढं सरकवायची आणि काकू, आईच्या शब्दांत सांगायचं तर, “फायलीवर बोटं नाचवायची.” आई रीतसर निवृत्त झाली. काकूंनी मात्र नोकरीला वीस वर्षं पूर्ण व्हायला अकरा महिने बाकी असताना राजीनामा दिला. वीस भरली असती तर स्वेच्छानिवृत्ती मिळाली असती, पेन्शन लागली असती, दवाखान्याचं कार्ड राहिलं असतं. दिल्लीतल्या आमच्यासारख्या मराठी घरांमध्ये लोक पेन्शनीकडे बघूनच तर जगतात. त्यामुळे ही बातमी करोल बागेपासून द्वारकेपर्यंत कुणी मेल्यासारखी पसरली. आई त्यांना समजवायला गेली होती. “अगं, अकरा महिने काय, डोळे मिटून काढ.” काकू म्हणाल्या, “डोळे मिटूनच एकोणीस वर्षं काढली. अकरा महिन्यांत अठ्ठेचाळीस मंगळवार असतात. ते मला कोण परत देणार?”

आई घरी येऊन म्हणाली, “वेडी आहे.” आणि त्या दिवसापासून हे वाक्य तिनं सोडलं नाही.

मी द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं काम करतो. भिंतींना जुने गालिचे ठोकलेत, खिडकी कायमची बंद केली आहे, आणि विमान डोक्यावरून गेलं की सगळ्यांनी गप्प बसायचं, असा नियम आहे. जाहिराती, भजनांचे अल्बम, शाळांची गीतं, जे येईल ते. काकू मला ‘इंजिनिअर’ म्हणायच्या. मी नापास इंजिनिअर आहे, हे त्यांना आईकडून माहीत होतं.

त्यांचा अवतार असा. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पाठीवर शाळेच्या पोरांसारखी बॅग आणि हातात पेटीचा डबा. पेटी घेऊन त्या मेट्रोनंच हिंडायच्या. करोल बागेच्या स्टेशनावर तपासणीवाल्या नव्या मुलीनं “इसमें क्या है, खोलके दिखाइए” म्हटलं की काकूंना आनंद व्हायचा. त्या तिथंच टेबलावर डबा उघडायच्या, भाता ओढायच्या आणि दोन ओळी वाजवून दाखवायच्या. मागं रांग खोळंबलेली. “बाजा है,” त्या म्हणायच्या. “अब शक नहीं रहा ना?” जुन्या मुली त्यांना न तपासताच सोडायच्या, तर काकूंनाच रुखरुख लागायची.

बुधवार ते सोमवार त्या काय वाटेल ते वाजवायच्या. चौक्या, लग्नातली गाणी, गुरुग्रामच्या उंच सोसायट्यांमध्ये पोरांच्या शिकवण्या, माझ्याकडे जाहिरातींचे तुकडे. एवढी शिकलेली बाई सिनेमाच्या चालींवर बेतलेली भजनं वाजवते, याचं आमच्या मंडळींना फार दुःख होतं. एका हळदीकुंकवाला मंत्रालयातल्याच एका निवृत्त गृहस्थांनी ते बोलून दाखवलं. “तुमच्यासारखीनं असल्या बाजारू चाली वाजवाव्यात?”

काकूंनी तिळगूळ चघळत विचारलं, “तुम्ही तीस वर्षं ऑफिसात कुणाच्या चालीवर वाजवलंत?”

गृहस्थ पुढच्या वर्षी आले नाहीत. पण काकू नुसत्या फटकळ नव्हत्या. मजुरी खोटी करायची नाही, हे त्यांचं दुसरं व्रत. चौकीत शंभरदा वाजवलेली आरतीही त्या अशी वाजवायच्या की गाणारा चुकला तर त्याला अलगद उचलून जागेवर आणून ठेवायच्या, आणि त्याला ते कळायचंही नाही. जाहिरातीच्या सात सेकंदांसाठी त्या माझ्याकडून चौदा वेळा रेकॉर्डिंग करून घ्यायच्या. “हे त्यांचं आहे म्हणून वाईट करायचं का? आपल्या हातचं आहे ना?”

गुरुग्रामची एक गंमत मला त्यांनीच सांगितली. एका सोसायटीत वॉचमननं पेटीचा डबा बघून त्यांना सामानाच्या लिफ्टनं वर पाठवलं. सव्विसाव्या मजल्यावर विद्यार्थ्याची आई ओशाळली, “सॉरी मैम, ये लोग समझते ही नहीं.” काकू म्हणाल्या, “अरे नहीं, लिफ़्ट में आवाज़ बहुत अच्छी गूंजती है. आपके हॉल से अच्छी. अगली क्लास वहीं लेते हैं.” आणि पुढच्या खेपेला खरंच त्या पोराला घेऊन लिफ्टमध्ये उभ्या राहिल्या, दोन फेऱ्या सा लावून घेतला. कामवाल्या बायकाही त्यात सामील झाल्या म्हणे. यात तिखटमीठ किती ते मी सांगू शकत नाही.

फुकट बोलावणाऱ्यांना त्यांचं एकच उत्तर असायचं. “ताईजी, पैसे तो नहीं हैं, पर बड़े-बड़े लोग आएंगे.” त्यावर काकू, “बड़े लोगों के घर राशन मुफ़्त आता है क्या?”

मंगळवारी सकाळी अकराला त्या माझ्याकडे यायच्या. येताना दोन उकडलेली अंडी आणायच्या आणि आईच्या डोळ्यांदेखत खायच्या. दिल्लीत मंगळवारी अंडं म्हणजे काय हे आईलाही इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. “अगं, निदान आज तरी!” काकू म्हणायच्या, “मारुती स्वतः गाणारा आहे. वाजवणाऱ्याला ताकद लागते हे त्याला समजतं.” आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही एकदा त्यांना गाठून गेले. खालच्या हॉलमध्ये दर मंगळवारी सात वाजता सुंदरकांड असायचं, पेटीला माणूस हवा होता, आणि कायमचा. महिन्याची बांधलेली रक्कम, दिल्लीतल्या कुठल्याही वादकाला लॉटरी वाटावी अशी. “ताईजी, आप तो मंगल को यहीं होती हैं. हनुमानजी का काम है, मना मत कीजिए.”

“हनुमानजी को बुधवार को भी सुनाई देता है,” काकू म्हणाल्या. सेक्रेटरींनी तेव्हापासून त्यांना नमस्कार करणं सोडलं.

आता मंगळवारी त्या करायच्या काय, हे सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरच घडलं.

पेटी जन्मभर साथ करते. गाणारा जाईल तिकडे तिनं मागून जायचं, तो थांबला की थांबायचं, तो चुकला की झाकायचं. काकूंचं म्हणणं एवढंच होतं की एक तास, फक्त एक तास, पेटी कुणाच्याही मागं जाणार नाही, असं काहीतरी त्यांना करायचं होतं. तबला नाही, गाणं नाही, एकटी पेटी, आणि सगळं स्वतःचं. “आयुष्यभर लोकांच्या सावलीत चालले. मंगळवारी मी उन्हात चालते,” असं त्या म्हणायच्या. त्या रचनेचा मुखडा, म्हणजे फिरून फिरून ज्यावर यायचं ती पहिली ओळ, त्यांना सापडायला चौदा महिने लागले. मी साक्षीदार आहे. प्रत्येक मंगळवारी त्या ती ओळ थोडी वेगळी वाजवायच्या आणि मान हलवायच्या. एका मंगळवारी मान हलली नाही. त्या पेटीवर दोन्ही हात पालथे ठेवून बसून राहिल्या आणि म्हणाल्या, “इंजिनिअर, ही आली बघ.” मी ते रेकॉर्डिंग ‘मंगळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं. त्या फोल्डरला हात लावायचा नाही, हे न सांगता ठरलेलं होतं.

आणि मी हात लावला.

टाळेबंदी उठून वर्ष झालं होतं. मधल्या काळात चौक्या बंद, लग्नं बंद, शिकवण्या मोबाइलवर. काकूंनी त्यांची दुसरी, जास्त चांगली पेटी विकली. करोल बागेत त्या ज्या दोन खोल्यांमध्ये राहायच्या, तो मजला मालकानं विकायला काढला होता. नवी जागा घ्यायची तर आगाऊ रक्कम हवी, आणि ती त्यांच्याकडे नव्हती. माझंही काही बरं चाललं नव्हतं. अशात गुरुग्रामच्या एका बिल्डरचं काम आलं. नव्या इमारतींची जाहिरात, वीस सेकंदांची धून. काकूंनी गुरुवारी माझ्याकडे येऊन ती वाजवली. छान होती. पण मागच्या बाजूला कुठूनतरी घरघर आली होती, साफ करायला वेळ लागणार होता, आणि बिल्डरचा माणूस फोनवर फोन करत होता, “सर, मीटिंग शुरू हो गई, कुछ भी लगाके भेज दो, सिर्फ़ टाइमिंग देखनी है.” मापाला म्हणून मी हाताशी होतं ते लावलं. हाताशी ‘मंगळ’ होतं. मुखडा बरोबर वीस सेकंदांचा होता. मी तो चित्रांखाली चिकटवला आणि पाठवून दिला. संध्याकाळी खरी धून पाठवली.

शुक्रवारी निरोप आला. बॉसला पहिली धून बेहद्द आवडली. दुसरी नको. पहिलीच हवी, कायमची, सगळ्या हक्कांसकट, म्हणजे ती पुन्हा दुसरीकडे कुठंही वाजता कामा नये. आणि त्याचे ते जे देणार होते, त्यात काकूंचं दीड वर्षाचं भाडं सहज निघालं असतं.

मी शनिवारी करोल बागेत गेलो. काकू जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी हात पुढं केला, मोबाइल घेतला, जाहिरात लावली. पोहण्याचा तलाव, हसणारं कुटुंब, बाल्कनीत तुळस, खाली काकूंची चौदा महिन्यांची ओळ, आणि शेवटी एका पुरुषाचा आवाज, “आपके सपनों का घर.”

“घर चांगलं आहे,” काकू म्हणाल्या. मग विचारलं, “तू त्यांना हो म्हणालास?”

“नाही.”

“का नाही? पैसे तर चांगले आहेत.”

“ते मंगळवारचं आहे, काकू.”

“म्हणजे तुला कळत होतं,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भांडी गुंडाळू लागल्या. माझ्या चुकीबद्दल यापलीकडे त्या मला कधीही काही बोलल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी जिना सुखानं उतरलो असतो.

पुढं त्यांनीच सांगितलं की शनिवारी आणि रविवारी त्यांनी विकायचं पक्कं केलं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असंही त्या म्हणाल्या. नवी ओळ शोधू, अजून चौदा महिने. रविवारी त्यांनी एजंटला जागेसाठी होसुद्धा कळवलं. सोमवारी सकाळी त्या रचनेचा पुढचा भाग वाजवायला बसल्या. “आणि इंजिनिअर, हात मुखड्यापाशी आला की अडायचा. दुसऱ्याच्या दारात चप्पल काढून उभं राहिल्यासारखं. तीनदा अडला. मग मी एजंटला नाही म्हणून कळवलं.”

बिल्डरच्या मॅनेजरनं भेटीला मंगळवारच दिला. मला वाटलं, आता हे फिसकटणार. पण काकू बूट घालून तयार होत्या. “मंगळवारी मी लोकांच्या कामाला जात नाही. हे माझंच काम आहे.”

काचेची खोली होती. मॅनेजर तिशीचा, सभ्य, पाणी-कॉफी विचारणारा. काकूंनी खुर्ची नाकारली, गालिच्यावर मांडी घातली, डबा उघडला. “बेटा, आठ धुनें लाई हूं. सब बीस-बीस सेकंड की. जो अच्छी लगे, आज ही आपकी.” आणि एकामागून एक आठ वाजवल्या. रविवारी रात्रीपर्यंत ज्या बाईनं विकायचं ठरवलं होतं, तिनं एका सोमवारात आठ चाली बांधल्या होत्या. त्यांतल्या तीन तरी अशा होत्या की मी स्वतः फ्लॅट घेतला असता. काचेपलीकडे टेबलांवरची माणसं उठून बघायला लागली.

मॅनेजरनं सगळं ऐकलं. “मैम, सच में बहुत अच्छी हैं. पर ऊपर से वही वाली फ़ाइनल है. और वैसे भी, पूरा पीस तो आपका ही रहेगा. हमें तो सिर्फ़ बीस सेकंड चाहिए.”

“बेटा,” काकू अगदी प्रेमानं म्हणाल्या, “पूरे चेहरे में नाक भी ज़रा-सी होती है. काटके दे दूं?”

त्याला हसावं की नाही ते कळेना. शेवटी तो म्हणाला, “फिर तो हमें किसी और से बनवाना पड़ेगा.”

काकूंनी भात्याची कडी लावली. “बनवाइए. मज़दूरी पूरी देना उसको.”

परतताना मेट्रोत मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “आज माझा मंगळवार अर्धा वाया गेला. घरी गेल्यावर मशीन लाव.” आम्ही पोचलो आणि त्या तडक पेटीवर बसल्या. आईनं सगळं ऐकलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “चूक तुझी, आणि भरलं तिनं.” त्यानंतर दर मंगळवारी आई त्यांच्यासाठी डबा करायला लागली. अंड्यांची भुर्जी. स्वतःच्या हातानं. आणि डबा देताना “वेडी आहे” म्हणायची.

काकूंनी शेवटी द्वारकेच्याही पलीकडे, एका गल्लीत, पत्र्याच्या जिन्याची एक खोली घेतली. बुधवार ते सोमवार त्यांनी मिळेल ते काम केलं, एकदा तर कपड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला फुटपाथवर बसून वाजवलं. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. (आता त्या नागपूरला धाकट्या बहिणीकडे असतात. गुडघ्यांनी दिल्ली सोडायला लावली. मंगळवारी फोन उचलत नाहीत.)

दिवाळीच्या सुमाराला ती जाहिरात आली. दुसऱ्या कुणीतरी कीबोर्डवर वाजवलेली. दोन सूर इकडचे तिकडे केलेले, बाकी ओळ तीच. ती मोबाइलवर वाजली, सिनेमागृहात वाजली, आमच्या सोसायटीतली पोरं ती गुणगुणत सायकली फिरवू लागली. माझं डोकं फिरलं. मी वकिलाकडे जायच्या गोष्टी करू लागलो. काकूंनी दोनदा ऐकली.

“बिचाऱ्यानं घाईत वाजवलीय. पण बरी वाजवलीय.”

“काकू, चोरी आहे ही!”

“आहेच. पण कोर्टात मला किती मंगळवार घालवावे लागतील, सांग?”

मला याचा राग आला होता, खरं सांगतो. मला वाटलं, लढायची वेळ आली तेव्हा ही बाई मऊ पडली. चोरीबद्दल कुठं जायचं नाही, तर मग गुरुग्रामला एवढी नाक-बिक बोलून आलो कशाला? एवढ्या महिन्यांनी ती रचना लोकांपुढं येईल तेव्हा लोक काय म्हणणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. जाहिरातीची नक्कल केली म्हणणार, दुसरं काय?

रचना पूर्ण व्हायला आणखी वर्ष लागलं. वाजवायची कुठं? एका मंडळानं वर्धापनदिनाला नाटकाच्या आधी वीस मिनिटं देऊ केली. “पुन्हा वीसच?” म्हणून काकू हसल्या आणि नाही म्हणाल्या. शेवटी आईनं आमच्या सोसायटीचा हॉल फ्लॅटच्या नावावर घेतला. वार अर्थात मंगळवार, दुपारी चार ते साडेपाच, कारण सातला सुंदरकांड. पंचवीसेक माणसं आली. आईच्या ओळखीच्या बायका, गुरुग्रामचे दोन विद्यार्थी, आणि काकूंबरोबर चौक्यांत वाजवणारे वादक. त्यांना सहाला आपापल्या ठिकाणी निघायचं होतं, म्हणून ते ढोलकी मांडीवर घेऊनच बसले होते. मी कोपऱ्यात मशीन लावून.

माणसं जमेपर्यंत पावणेपाच झाले. काकूंनी सूर भरला. थोडं इकडेतिकडे हिंडल्या आणि मुखड्यावर आल्या. ओळ एकदा झाली, दोनदा झाली.

सेक्रेटरी सुंदरकांडाच्या पोथ्यांचा गठ्ठा घेऊन लवकरच आले होते, दारात उभे होते. ते मोठ्यानं म्हणाले, “अरे, ये तो फ़्लैट वाली धुन है!”

लोक हसले. सगळेच नाही, पण हसले. गुरुग्रामच्या मुलानं ओळखलं म्हणून मान डोलावली. मला वाटलं, मशीन बंद करावं आणि त्या माणसाला बाहेर काढावं. ज्या भीतीनं मी वर्षभर धड झोपलो नव्हतो, तेच माझ्याच सोसायटीच्या हॉलमध्ये घडत होतं.

काकूंनी भाता थांबवला.

“आइए, आगे आइए,” त्या म्हणाल्या. “आपने सुनी है ये?”

“रोज़ सुनते हैं जी. मोबाइल पे.”

“गाके सुनाइए.”

सेक्रेटरी लाजले. मग कुणीतरी “सुनाइए, सुनाइए” म्हटलं, आणि पोथ्या छातीशी धरून त्यांनी ती धून गुणगुणली. बेसूर, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत. वीस सेकंद. शेवटी हौसेनं म्हणालेसुद्धा, “आपके सपनों का घर!” पुन्हा हशा झाला. काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याचं ऐकावं तसं पूर्ण ऐकून घेतलं.

“यहीं तक है ना?”

“जी, बस यहीं तक.”

“हां. वो इतना ही ले जा पाए. अब बैठिए, इसके आगे का सुनिए.”

आणि त्यांनी भाता ओढला.

पुढच्या तासाचं वर्णन मी करणार नाही, मला ते जमणार नाही. एवढंच सांगतो की ती ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली, दर वेळी वेगळ्या रस्त्यानं, आणि चौथ्या-पाचव्या वेळेनंतर तिथं कुणालाही फ्लॅट आठवला नाही. ढोलकवाल्यांचे हात आपोआप ढोलकीवर गेले होते, पण एकानंही वाजवलं नाही. साडेपाच झाले, पावणेसहा झाले, सुंदरकांडाच्या बायका येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. उठा म्हणायचं काम सेक्रेटरींचं होतं, आणि ते पहिल्या रांगेत पोथ्या मांडीवर घेऊन बसले होते. मी रडत होतो. काकूंनी गुरुग्रामला नाही म्हणून काय राखलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या मंगळवारी आम्ही रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. सुरुवातीला सूर, मग मुखडा, मग सेक्रेटरींचा आवाज, हशा, ते बेसूर गुणगुणणं. मी म्हणालो, “काकू, हे एवढं कापून टाकतो. दोन मिनिटांचं काम आहे, कळणारही नाही.”

त्यांनी माझा हात धरला.

“अजिबात नाही. राहू दे त्याला,” त्या म्हणाल्या. “नेणारे कुठं थांबले, हे कळायला नको?”